निसर्गेतिहास संग्रहालयातील नमुन्यांचे जतन आणि मांडणी : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

नव्याने रुजू झालेल्या साहाय्यकाला बहुतेक ठिकाणी पहिले काम दिले जाते ते धूळ बसलेले एखादे कपाट साफ करण्याचे. दिसायला हे काम सोपे असते, पण नमुन्यांचे न भरून येणारे नुकसान बहुधा तिथेच होते. धुळीने नमुना मळतो. घाईने केलेल्या सफाईत मात्र पिसे तुटतात, चिठ्ठ्या अदलाबदल होतात आणि जुने विष हवेत उडते. म्हणून या लेखातील पायऱ्यांत सफाई पाचवी आहे. भांडारगृहात आणि दालनात अशा दोन्ही ठिकाणी काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की नमुना हा आधी पुरावा आहे आणि नंतर प्रदर्शनीय वस्तू. पुढची प्रत्येक पायरी याच क्रमाला धरून लिहिली आहे.

१. आधी चिठ्ठी, मग नमुना

कुठे मिळाला, कधी मिळाला आणि कोणी गोळा केला, या तीन गोष्टी ज्याच्यासोबत आहेत तो फाटका, रंग उडालेला पक्षीही अभ्यासाला उपयोगी पडतो. चिठ्ठी हरवलेला देखणा पक्षी मात्र केवळ शोभेचा राहतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अंड्यांचे जुने संग्रह. डीडीटीच्या वापरामुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होत आहेत, हे ब्रिटनमधील डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी संग्रहांतील जुनी आणि नवी अंडी तुलनेला घेतली होती. त्या अंड्यांवर तारखा नसत्या, तर हा निष्कर्ष काढताच आला नसता. अंडी जमवणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात कीटकनाशकांचा विचार नव्हता, हेही इथे लक्षात घ्यावे. आपण आज जी नोंद जपतो तिचा उपयोग पुढे कोण कशासाठी करील, हे आपल्याला ठरवता येत नाही.

म्हणून कोणत्याही नमुन्याला हात लावण्यापूर्वी तो आहे त्या स्थितीत, चिठ्ठीसकट छायाचित्रात घ्यावा. जुनी चिठ्ठी कधीही काढून टाकू नये आणि तिच्यावर दुरुस्तीही करू नये. गावाचे जुने नाव, चुकीचे शुद्धलेखन, आता बदललेले शास्त्रीय नाव हे सारे तसेच ठेवावे आणि नवी माहिती वेगळ्या चिठ्ठीवर, तारखेसह जोडावी. हस्ताक्षरावरूनही गोळा करणारा ओळखता येतो, त्यामुळे जुनी चिठ्ठी टंकलिखित करून मूळ चिठ्ठी फेकण्याचा मोह टाळावा.

क्रमांक घालण्याची पद्धत नमुन्याच्या प्रकारावर ठरते. हाडावर किंवा शिंपल्यावर आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक, पुन्हा विरघळवता येणाऱ्या राळेचा लहान पट्टा द्यावा, तो वाळल्यावर शाईने क्रमांक लिहावा आणि वर राळेचा दुसरा थर द्यावा. कीटकाची चिठ्ठी त्याच्याच टाचणीवर असावी. द्रावातील नमुन्याची चिठ्ठी बरणीच्या आत, सुती लगद्याच्या कागदावर पेन्सिलने किंवा रंगद्रव्ययुक्त पक्क्या शाईने लिहिलेली असावी, कारण लेझर छपाईची अक्षरे अल्कोहोलमध्ये सुटून बरणीच्या तळाशी जमल्याची उदाहरणे कमी नाहीत. चिकटपट्टी आणि चिकट लेबले पूर्णपणे वर्ज्य समजावीत. गोंद वाळतो, लेबल गळून शेजारच्या नमुन्यापाशी पडते आणि मग दोन्ही नमुन्यांची ओळख संशयास्पद होते.

ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे मूळ वर्णन केले गेले, तो प्ररूप नमुना. अनेक संग्रहांत त्याला लाल खूण असते. तो नवशिक्याने हाताळू नये आणि दालनात तर मुळीच मांडू नये.

जवळ असावीत अशी कागदपत्रे :

- आवक नोंदवही आणि सूची, शक्यतो संगणकीय प्रतीसह
- नमुना गोळा केल्याचा किंवा हस्तांतराचा परवाना. देशाबाहेर ने-आण असल्यास साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानुसार लागणारी परवानगी
- स्थिती अहवाल आणि त्याची छायाचित्रे
- उपचारांची नोंद : कोणते रसायन, किती प्रमाणात, कोणत्या तारखेला
- उसनवारीचे करारपत्र
- कीड-सापळ्यांची नोंदवही

२. विष आहे असे धरूनच चाला

अठराव्या शतकात फ्रान्समधील बेकर या औषधविक्रेत्याने पक्ष्यांच्या कातड्यांसाठी आर्सेनिकयुक्त साबण तयार केला आणि पुढे विसाव्या शतकातही कितीतरी दशके जगभर आर्सेनिक वापरले जात राहिले. वनस्पतिसंग्रहांच्या पानांना पाऱ्याचे क्लोराइड लावण्याची प्रथा होती. त्याशिवाय डीडीटी आणि डांबरगोळ्या होत्याच. म्हणजे जुना पेंढा भरलेला प्राणी, जुनी पक्ष्याची कातडी किंवा जुने हर्बेरियमचे पान विषारीच आहे, असे धरून काम सुरू करावे. पिसांच्या मुळाशी, डोळ्यांभोवती किंवा पायांच्या शिवणीशी पांढरी भुकटी दिसली तर संशय बळावतो, परंतु भुकटी दिसली नाही म्हणून नमुना निर्धोक ठरत नाही. खात्री करायची असल्यास क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने नमुन्याला धक्का न लावता तपासणी होऊ शकते.

नायट्राइल हातमोजे, धूलिकण अडवणारी मुखपट्टी आणि वेगळा कामाचा झगा हा किमान बंदोबस्त आहे. पिसांवरची धूळ तोंडाने फुंकू नये, वास घेऊन द्राव ओळखण्याचा प्रयत्न करू नये आणि कामाच्या टेबलावर खाणेपिणे आणू नये. सुती हातमोजे अनेकांना अधिक ‘संग्रहालयी’ वाटतात, पण त्यांचे धागे कीटकांच्या पायांत आणि पिसांत अडकतात आणि भुकटी त्यांच्यातून आरपार जाते. खनिजांच्या कपाटातही सावध असावे : युरेनियमयुक्त खनिजांतून किरणोत्सर्ग होतो आणि रेडॉन वायू साचतो, तर अ‍ॅस्बेस्टॉस गटातील खनिजांचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात.

३. हवा आणि कपाट

सेंद्रिय नमुन्यांसाठी सापेक्ष आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान आणि मुख्य म्हणजे स्थिर असावी. ६५ टक्क्यांच्या वर ती टिकून राहिली की बुरशी धरते. फार कोरडी झाली की कातडे आक्रसते, शिवणी उसवतात आणि दात व हस्तिदंत तडकतात. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, ही सोय नमुन्यांना सर्वांत महाग पडते, कारण कातडे रोज ताणले आणि सैल सोडले जाते. संपूर्ण इमारतीची हवा सांभाळणे शक्य नसेल, तर घट्ट बसणाऱ्या पेटीत सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) ठेवून तेवढीच हवा सांभाळावी. मला तर पुष्कळदा हाच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, कारण वीज गेली तरी पेटीतील हवा लगेच बदलत नाही. एक साधा आर्द्रतामापक दालनाच्या भिंतीवर लावण्यापेक्षा पेटीच्या आत ठेवावा.

पायराइट (लोह आणि गंधक यांचे खनिज) असलेले जीवाश्म हा वेगळा विषय आहे. दमट हवेत पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होते, जीवाश्म भेगाळतो आणि त्याखालची चिठ्ठीही जळाल्यासारखी होते. पिवळसर-पांढरी भुकटी आणि गंधकाचा उग्र दर्प ही त्याची लक्षणे आहेत. असे नमुने वेगळे काढून हवाबंद पेटीत, शक्य तितक्या कोरड्या हवेत ठेवावेत.

कपाटही निरुपद्रवी नसते. ओक लाकूड, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचे दाबून केलेले फलक) आणि काही रंग व गोंद यांतून सेंद्रिय आम्लांची वाफ निघते. ती शिंपल्यांवर आणि अंड्यांच्या कवचांवर पांढरी, मिठासारखी पुटे आणते. ब्रिटिश शंखाभ्यासक बाइन यांनी १८९९ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले, म्हणून तो आजही ‘बाइनचा रोग’ म्हणून ओळखला जातो, जरी तो जीवाणूंमुळे होतो हा त्यांचा समज नंतर चुकीचा ठरला. रोग नसल्यामुळे त्यावर औषधही नाही. नमुना त्या लाकडातून बाहेर काढणे एवढाच उपाय आहे. म्हणून पावडर लेपित पोलादी कपाट उत्तम. नवीन पेटीचे साहित्य निवडताना ऑडी चाचणीचा निकाल मागावा : या चाचणीत चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पट्ट्या त्या साहित्यासोबत बंद भांड्यात ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवून त्या गंजतात का ते पाहिले जाते.

४. कसर आणि भुंगेरे

कीड ही निसर्गेतिहास संग्रहाची सर्वांत जुनी शत्रू आहे. ऑक्सफर्डच्या संग्रहातील डोडो पक्षी खराब होत जाऊन अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे डोके आणि एक पाय एवढेच उरले. ज्याच्या मऊ ऊती आज उपलब्ध आहेत असा डोडोचा नमुना जगात तेवढाच आहे.

नाव ऐकून भीती वाटावी अशी यादी पाठ करण्याची गरज नाही. तीन-चार मंडळी ओळखता आली तरी पुरे. अँथ्रेनस या लहान, ठिपकेदार भुंगेऱ्याची केसाळ अळी कीटकपेट्या आणि पिसे फस्त करते. डर्मेस्टिस कातडे आणि वाळलेले मांस खाते. लॅसिओडर्मा आणि स्टेगोबियम हे तपकिरी भुंगेरे वनस्पतिसंग्रहात भोके पाडतात. कपड्यांचा पतंग केस आणि लोकर खातो. टाचणीखाली पडलेला बारीक भुगा, अळीने टाकलेली कात, केसांचे पुंजके, पंख गळणे या खुणा दिसल्या की कीड तिथे आहे किंवा होऊन गेली आहे. ती जिवंत आहे का, हे कळण्यासाठी भुगा झटकून खाली पांढरा कागद ठेवावा आणि काही दिवसांनी पुन्हा पाहावे.

प्रतिबंधाची व्यवस्था अशी असावी. दरवाजे, खिडक्या आणि कपाटांच्या कोपऱ्यांत चिकट सापळे ठेवून त्यांना क्रमांक द्यावेत आणि ठरलेल्या अंतराने त्यांतील कीटक मोजून नोंद करावी. एका सापळ्यातील आकडा अचानक वाढला तर त्याच्या आसपासचे कपाट आधी उघडावे. बाहेरून आलेला प्रत्येक नमुना, उसना गेलेला आपलाच नमुनासुद्धा, पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून विलगीकरणात ठेवावा. खिडकीवरील मेलेल्या माश्या, पारव्यांची घरटी आणि ताजी फुले यांवर अँथ्रेनस पोसला जातो. समारंभाचे पुष्पगुच्छ भांडारगृहापासून दूर ठेवा, असे सांगितले की लोकांना तो विक्षिप्तपणा वाटतो, तरी सांगावे.

कीड लागलेला नमुना गोठवणे हा आजचा रूढ उपाय आहे. नमुना पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बंद करावा आणि उणे ३० अंश सेल्सिअसला ३ दिवस किंवा उणे १८ अंशांना १४ दिवस ठेवावा. तापमान झपाट्याने उतरले पाहिजे. शीतपेटी गच्च भरली तर आतला भाग हळूहळू थंड होतो आणि किड्यांना जुळवून घेण्यास वेळ मिळतो. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरते, नमुन्यावर नाही. मेण, द्रावातील नमुने, खनिजे आणि भेगाळलेले दात किंवा हस्तिदंत गोठवू नयेत. डांबरगोळ्यांवर विसंबू नये : त्या माणसांना अपायकारक आहेत, त्यांचे स्फटिक नमुन्यांवर जमतात आणि पोसलेल्या अळ्यांचे त्या फारसे काही बिघडवत नाहीत.

५. सफाई

आता ब्रश हाती घ्यावा. लागणारी साधने थोडीच आहेत :

- मऊ केसांचे दोन-तीन ब्रश, प्रत्येक विभागासाठी वेगळे
- हेपा गाळणीचा (अतिसूक्ष्म धूळही अडवणारी गाळणी असलेला), ओढ कमी करता येणारा व्हॅक्यूम क्लीनर आणि त्याच्या तोंडावर बांधायची जाळी
- बोथट टोकाचे चिमटे, भिंग, हातदिवा
- आम्लविरहित टिश्यू कागद आणि पॉलिथिनचा फेस (प्लास्टाझोट)
- सुटे पडलेले तुकडे ठेवण्यासाठी क्रमांक घातलेल्या लहान पिशव्या

ब्रश पिसांच्या किंवा केसांच्या दिशेने, वरून खाली फिरवावा आणि उडालेली धूळ जवळ धरलेल्या व्हॅक्यूमच्या तोंडात जाऊ द्यावी. जाळीवर अडकलेला पिसाचा तुकडा टाकून न देता पिशवीत घालून नमुन्यासोबत ठेवावा. कान, शेपटी, पाय यांना धरून प्राणी उचलू नये. आतल्या तारा गंजलेल्या असू शकतात, म्हणून तळफळीला धरूनच उचलावे. पाणी, साबण, अल्कोहोल यांचा वापर वरिष्ठ संवर्धकाशिवाय करू नये. हाडे पांढरीशुभ्र करण्यासाठी ब्लीच वापरण्याची चूक फार जुनी आणि फार पसरलेली आहे. ब्लीच हाडातील कोलॅजन हे प्रथिन नष्ट करते आणि कालांतराने हाडाचा पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरतो. पिवळसर हाड हे आजारी हाड नव्हे. चकाकीसाठी वॉर्निश लावण्याबाबतही हेच म्हणता येईल.

जुन्या कीटकपेट्यांत पितळी टाचण्यांभोवती हिरवा, मेणासारखा गोळा आलेला दिसतो. कीटकाच्या शरीरातील चरबी आणि टाचणीतील तांबे यांच्या संयोगाने तो बनतो. टाचणी ओढून काढण्याचा प्रयत्न केल्यास कीटक फुटतो, त्यामुळे तिची बदली अनुभवी हातांवर सोपवावी. नव्या नमुन्यांना स्टेनलेस स्टीलची टाचणी वापरावी : भुंगेऱ्याला उजव्या पंखकवचातून, फुलपाखराला छातीच्या मध्यातून.

६. द्रावातील नमुने

नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. फॉर्मेलिन ऊती घट्ट करण्यासाठी असते आणि दीर्घकाळ साठवणीसाठी बहुधा ७० ते ८० टक्के एथिल अल्कोहोल वापरले जाते. बरणीतील पातळी उतरलेली दिसली की वरून ७० टक्क्यांचा द्राव ओतून मोकळे होण्याची सवय घातक आहे. अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडते, म्हणजे पातळीबरोबर तीव्रताही उतरलेली असते, आणि तशीच भर घालत राहिल्यास द्राव इच्छित तीव्रतेला कधीच पोहोचत नाही. ५० टक्क्यांच्या खाली गेलेल्या द्रावात ऊती सुटू लागतात. आधी घनतामापकाने तीव्रता मोजावी, तापमानाची दुरुस्ती धरावी आणि मगच किती तीव्र द्राव घालायचा ते ठरवावे. खूप उतरलेल्या नमुन्याला एकदम ७० टक्क्यांत टाकल्यास तो आक्रसतो, म्हणून ३०, ५०, ७० अशा पायऱ्यांनी न्यावे.

बरणीत फॉर्मेलिन आहे की अल्कोहोल, हे माहीत नसताना काहीही ओतू नये. काही औद्योगिक स्पिरिटांत मिसळके असतात आणि पाण्याशी संबंध येताच द्राव दुधाळ होतो. खरेदी करताना याची चौकशी करावी. झाकणाचा जोड हा बरणीचा सर्वांत कमकुवत भाग आहे. पातळी वारंवार उतरत असेल तर द्राव बदलण्याआधी झाकण बदलावे.

आगीचा धोका काल्पनिक नाही. ७० टक्के अल्कोहोलची वाफ नेहमीच्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. ब्राझीलमधील बुटांटान संस्थेच्या सापांच्या संग्रहाला मे २०१० मध्ये आग लागली आणि अल्कोहोलमध्ये जपलेले हजारो नमुने नष्ट झाले. द्रावसंग्रह वेगळ्या, हवेशीर, अग्निरोधक खोलीत असावा आणि दालनात त्याच्या मोजक्याच बरण्या न्याव्यात.

७. दालनातील मांडणी

मांडणीचा पहिला प्रश्न ‘हा नमुना सुंदर दिसेल का’ हा नसून ‘हा नमुना प्रकाशात किती काळ खर्च करायचा’ हा आहे. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही आणि नमुना मधल्या काळात अंधारात ठेवला तरी झालेले नुकसान कमी होत नाही. पिसे, केस, कीटक आणि वाळवलेल्या वनस्पती यांच्यासाठी ५० लक्स (लक्स हे प्रकाशमानाचे एकक) ही मर्यादा रूढ आहे. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर ५० लक्सला वर्षाचा खर्च १,२०,००० लक्स-तास होतो. दिवे २०० लक्सवर नेले तर तोच खर्च ७५ दिवसांत संपतो. अतिनील किरणे वगळणारे एलईडी दिवे चांगले, परंतु अतिनील नाही म्हणजे धोका नाही असे नव्हे, कारण दृश्य प्रकाशही रंग उडवतो. मंद प्रकाशात लोकांना दिसत नाही ही तक्रार येतेच. तिचे उत्तर दिवे वाढवण्यात नाही. प्रवेशाच्या मार्गिकेतील उजेड हळूहळू कमी करत आणल्यास डोळे सरावतात आणि ५० लक्स पुरेसे होतात. माहितीफलकांची अक्षरे मोठी व ठळक ठेवावीत. खनिजांनाही ही सूट नाही : मनशीळ प्रकाशात पिवळी भुकटी होऊन विखुरते.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये उत्तर अमेरिकी सस्तन प्राण्यांच्या दृश्यपेट्यांतील फिकट पडलेल्या केसांना नव्याने रंग द्यावा लागला आणि ते दालन २०१२ मध्ये पुन्हा उघडले. ते काम उत्तम झाले, पण त्यासाठी लागणारे मनुष्यबळ आणि संशोधन लहान संग्रहालयाला परवडणारे नाही.

म्हणून जिथे जमेल तिथे प्रतिकृती मांडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात १९०५ मध्ये उभा केलेला डिप्लोडोकस प्लॅस्टरचा होता आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याच्यावर प्रेम केले. द्रावात रंग व आकार गमावणाऱ्या समुद्री जीवांसाठी ब्लाश्का पितापुत्रांनी काचेची प्रतिरूपे घडवली. ती कित्येक दालनांत खऱ्या नमुन्यापेक्षा अधिक शिकवतात. प्रतिकृती आहे हे फलकावर उघडपणे लिहावे, म्हणजे झाले.

खरा नमुना मांडायचाच असेल, तर त्याला भोक पाडू नये. हाडांचा भार गुंडाळलेल्या धातूच्या आधारांवर वाटून द्यावा आणि कोणताही एक भाग इतरांना धक्का न लावता काढता येईल अशी रचना ठेवावी. दिव्याची उष्णता पेटीत शिरू नये म्हणून दिवा पेटीबाहेर असावा. फलकावर जातीचे नाव आणि लांबी-वजनाचे आकडे एवढ्यावर थांबू नये. तो नमुना कुठून आणि कधी आला, हेही लिहावे, कारण चिठ्ठीतील माहिती लोकांना सर्वाधिक रोचक वाटते असा अनुभव आहे.

८. मांडणीनंतरची तपासणी

पेटी बंद करण्यापूर्वी प्रत्येक नमुन्याचे ठरावीक कोनातून छायाचित्र घ्यावे आणि पेटीत ब्लू वूल पट्टी ठेवावी. या प्रमाणित निळ्या लोकरीचा रंग किती उडाला यावरून प्रकाशाचा खर्च डोळ्यांना दिसतो. पट्टीचा अर्धा भाग झाकून ठेवावा, म्हणजे तुलना करता येते. नमुना कधी परत भांडारगृहात जाणार, ती तारीख मांडणीच्याच दिवशी नोंदवहीत लिहावी आणि त्याच्या जागी कोणता दुसरा नमुना किंवा प्रतिकृती येणार, तेही त्याच ओळीत नमूद करावे. तारीख लिहिलेली नसेल तर नमुना दालनात अडकून पडतो. पेटीची किल्ली कोणाकडे आहे, आग किंवा पाणी शिरल्यास कोणते नमुने आधी हलवायचे आणि द्रावसंग्रहाच्या खोलीत कोणाकोणाला जाण्यास मनाई आहे, याची एक पानी यादी दाराच्या आतल्या बाजूस लावावी आणि कर्मचारी बदलले की ती नव्याने लिहावी.